पिसलेला क्रम: पायथॉनच्या स्वयंचलित स्क्रिप्ट्स आणि यादृच्छिकता

संगणकावरील ठरावीक कामे माणसाने प्रत्येक वेळी हात न लावता पार पडावीत म्हणून लिहिलेल्या छोट्या आज्ञावलीला स्क्रिप्ट म्हणतात, आणि अशा स्क्रिप्ट्स लिहिण्यासाठी ज्या भाषेकडे आज फार मोठ्या संख्येने लोक वळतात ती म्हणजे गिडो व्हॅन रॉसम यांनी १९९१ मध्ये प्रथम प्रसिद्ध केलेली पायथॉन. संकेतस्थळावरून दरपत्रक उतरवून घेणारी, डेटाबेसची प्रत काढून ठेवणारी, जुन्या फायली निकालात काढणारी, तयार अहवाल ई-मेलने धाडणारी अशा दहा-बारा स्क्रिप्ट्स हळूहळू एका फोल्डरमध्ये साठतात, आणि मग त्या सगळ्या रोज रात्री एकामागून एक चालवण्यासाठी आणखी एक स्क्रिप्ट लिहिली जाते, जिला सोयीसाठी चालक स्क्रिप्ट म्हणता येईल. या चालक स्क्रिप्टमधला कामांचा क्रम बहुधा फायलींच्या नावांवरून आपोआप पडलेला असतो, तो कोणी विचार करून ठरवलेला नसतो, आणि वर्षानुवर्षे तोच चालत राहिल्यामुळे त्या क्रमावर काय काय टेकलेले आहे हे कोणालाच सांगता येत नाही. हा क्रम दर खेपेला मुद्दाम मोडून, म्हणजे यादी यादृच्छिक रीतीने पिसून, स्क्रिप्ट्स चालवणे हे वरवर पाहता विनाकारण अव्यवस्था ओढवून घेण्यासारखे वाटते. प्रत्यक्षात मात्र व्यवस्थेच्या पोटात दडलेले दोष उघडे करण्याचे ते अत्यंत स्वस्त आणि भरवशाचे साधन आहे, मात्र क्रम खरोखर यादृच्छिक असावा आणि तो नोंदवलेला असावा या दोन अटी पाळल्या गेल्या पाहिजेत.

क्रम पिसण्याची गरज अनेक निमित्तांनी पडते. रात्री एक ते पहाटे पाच एवढ्याच वेळात सर्व कामे उरकायची असतील आणि एखाद्या रात्री सुरुवातीच्या स्क्रिप्टने अपेक्षेपेक्षा अधिक वेळ घेतला, तर मुदत संपताना राहून जाणारे काम नेहमी यादीच्या तळाचेच असते, आणि फायलीचे नाव वर्णमालेच्या शेवटच्या अक्षरांनी सुरू होते एवढ्याच कारणाने एखादे महत्त्वाचे काम महिनोन्महिने उपेक्षित राहू शकते; क्रम रोज पिसला तर राहून जाण्याची पाळी सर्वांवर सारख्याच संभाव्यतेने येते. अनेक यंत्रांवर त्याच स्क्रिप्ट्स त्याच क्रमाने आणि त्याच ठोक्याला सुरू होत असतील, तर त्या सर्व एकाच क्षणी एकाच सर्व्हरवर जाऊन धडकतात. सॅली फ्लॉइड आणि व्हॅन जेकबसन यांनी १९९३ मध्ये इंटरनेटवरील राउटरांच्या बाबतीत दाखवून दिले की ठरावीक अंतराने पाठवले जाणारे संदेश सुरुवातीला विखुरलेले असले तरी कालांतराने एकमेकांशी जुळून एकाच वेळी निघू लागतात, आणि ही जुळणी मोडण्यासाठी वेळापत्रकात यादृच्छिकतेचा अंश मुद्दाम मिसळावा लागतो. लिनक्समधील सिस्टिमडी या व्यवस्थेत कामाची सुरुवात यादृच्छिक काळाने लांबवण्याची सोय याच हेतूने दिलेली आहे.

मोजमापाचा प्रश्न याहून सूक्ष्म आहे. पाच स्क्रिप्ट्सपैकी कोणती किती वेळ घेते हे ताडून पाहायचे असेल आणि त्या नेहमी एकाच क्रमाने चालत असतील, तर पहिल्या स्क्रिप्टला डिस्कवरून माहिती स्मृतीत आणण्याचा भुर्दंड सोसावा लागतो, दुसरीला ती माहिती आयती मिळते, आणि शेवटच्या स्क्रिप्टच्या वेळेपर्यंत प्रोसेसर तापून त्याचा वेग मंदावलेला असू शकतो. अशा मोजणीत स्क्रिप्टचा गुण आणि तिच्या जागेचा गुण वेगळे करता येत नाहीत. क्रम यादृच्छिक केला की जागेचा परिणाम नाहीसा होत नाही, परंतु तो कोणा एकाच्या बाजूने सतत न झुकता सर्वांमध्ये विखुरला जातो आणि सरासरी काढताना दोन्ही बाजूंचे फरक एकमेकांना छेदतात. हा विचार संगणकाच्याही आधीचा, शेतीतला आहे. इंग्लंडमधील रॉथमस्टेड येथील कृषी संशोधन केंद्रात काम करताना रोनाल्ड फिशर यांनी असे प्रतिपादन केले की कोणत्या वाफ्याला कोणते खत द्यायचे हे यादृच्छिक रीतीने ठरवले तरच जमिनीच्या कसातील फरक निष्कर्षात घुसणार नाही. भारतीय शेतीसंशोधनात संख्याशास्त्राच्या या पद्धती रुजवणाऱ्यांत विनायक गोविंद पानसे आणि सातारा जिल्ह्यातील बुध येथे जन्मलेले पांडुरंग वासुदेव सुखात्मे ही नावे अग्रभागी आहेत, आणि भारतीय कृषी संशोधन परिषदेने १९५४ मध्ये प्रसिद्ध केलेला या दोघांचा शेतीविषयक संख्याशास्त्रावरील ग्रंथ विद्यार्थ्यांच्या अनेक पिढ्यांनी अभ्यासला. वाफ्यांच्या जागी स्क्रिप्ट्स आल्या तरी तर्क तोच राहतो.

तरीही क्रम पिसण्याचे सर्वांत मोलाचे फळ म्हणजे स्क्रिप्ट्समधील लपलेले अवलंबित्व उघड होणे. एखादी स्क्रिप्ट आपल्याआधी दुसरी कोणती तरी चालून गेलेली आहे असे मनोमन गृहीत धरत असेल आणि हे गृहीतक कुठेही लिहिलेले नसेल, तर ते लपलेले अवलंबित्व होय. समजा एक स्क्रिप्ट दिवसाचे दर उतरवून एका तात्पुरत्या फायलीत ठेवते आणि दुसरी ती फाईल वाचून अहवाल तयार करते. क्रम उलटला तर दुसरी स्क्रिप्ट बंद पडेल असे वाटते, पण तात्पुरत्या फोल्डरमध्ये कालची फाईल पडून असल्यामुळे ती बंद न पडता कालच्या दरांवर आजची तारीख घालून अहवाल पाठवते. बंद पडणारी स्क्रिप्ट निदान लक्ष वेधून घेते, चुकीचा निकाल गुपचूप देणारी स्क्रिप्ट तेवढेही करत नाही. अवलंबित्वाच्या वाटा याशिवायही पुष्कळ आहेत: एका स्क्रिप्टने बदललेले पर्यावरण-चल, म्हणजे प्रक्रियेला बाहेरून मिळणारी नावे आणि मूल्ये, तिने डेटाबेसात घातलेली आणि न काढलेली नोंद, किंवा ब्राउझर स्वयंचलितपणे हाताळणाऱ्या सेलेनियमसारख्या साधनाच्या बाबतीत, आधीच्या स्क्रिप्टने लॉग-इन करून तसेच मागे ठेवलेले सत्र, ज्याच्या जोरावर पुढची स्क्रिप्ट स्वतः लॉग-इन न करताही चालते.

आज्ञावलींची तपासणी करणाऱ्या चाचण्यांच्या क्षेत्रात या दोषाचा अभ्यास पद्धतशीरपणे झालेला आहे. कधी उत्तीर्ण तर कधी अनुत्तीर्ण होणाऱ्या लहरी चाचण्यांविषयी इलिनॉय विद्यापीठातील संशोधकांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ५१ मुक्त-स्रोत प्रकल्पांमधील २०१ दुरुस्त्या तपासण्यात आल्या, आणि लहरीपणाच्या तीन प्रमुख कारणांमध्ये चाचण्यांचे क्रमावरील अवलंबित्व हे एक ठरले. जावा भाषेचा अनुभवही असाच आहे. वर्गातील पद्धतींची यादी कोणत्या क्रमाने मिळेल याची हमी जावाने कधीच दिली नव्हती, तरी ती व्यवहारात लिहिलेल्या क्रमानेच मिळत असे, आणि २०११ मधील जावा ७ मध्ये हा योगायोग संपल्यावर वर्षानुवर्षे बिनतक्रार चालणाऱ्या चाचण्या अचानक कोसळू लागल्या. जेयुनिट या चाचणी-साधनाच्या ४.११ या आवृत्तीने पुढे स्वतःचा एक निश्चित क्रम ठरवून दिला, परंतु त्या चाचण्यांमध्ये दोष पहिल्यापासूनच होता आणि क्रम बदलल्यामुळे तो केवळ दिसू लागला, हे येथे विसरता कामा नये.

अनिश्चित क्रम आणि यादृच्छिक क्रम या दोन गोष्टींमधील फरक येथे स्पष्ट केला पाहिजे, कारण पायथॉन वापरणारे अनुभवी लोकसुद्धा या ठिकाणी घसरतात. फोल्डरमधील फायलींची यादी देणारी पायथॉनची ग्लॉब किंवा लिस्टडिर ही कार्ये कोणत्याही क्रमाची हमी देत नाहीत. यादी कोणत्या क्रमाने यावी हे त्या यंत्रावरील कार्यप्रणाली आणि फाईल-व्यवस्था ठरवते. एका यंत्रावर हा क्रम रोज तोच दिसतो म्हणून तो निश्चित वाटतो, आणि दुसऱ्या यंत्रावर तो वेगळा येतो म्हणून कोणी त्याला यादृच्छिक समजतो, पण प्रत्यक्षात तो या दोन्हींपैकी काहीच नसतो. याची किंमत रसायनशास्त्राने मोजलेली आहे. रेणूंची रचना ओळखण्यासाठी चुंबकीय अनुनादाच्या गणना जुळवणाऱ्या पायथॉन स्क्रिप्ट्सचा एक संच मिनेसोटा विद्यापीठातील संशोधकांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केला होता आणि तो पुढे अनेकांनी वापरला. २०१९ मध्ये हवाई विद्यापीठातील संशोधक एका नीलहरित जीवाणूपासून मिळालेल्या संयुगांचा अभ्यास करत असताना त्यांच्या असे लक्षात आले की तीच माहिती आणि त्याच स्क्रिप्ट्स वेगवेगळ्या कार्यप्रणालींवर वेगवेगळी उत्तरे देतात. एकाच राशीचे मूल्य विंडोज १० वर १७३.२, मॅकओएसच्या मोहावी आवृत्तीवर १७२.७ आणि उबुंटू १६ वर १७२.४ असे येत होते. फायली नावाच्या क्रमानेच हाती येतील असे स्क्रिप्टने गृहीत धरले होते, आणि तसे न घडल्यास एका रचनेची ऊर्जा दुसऱ्या रचनेच्या मोजमापाशी जोडली जात होती. यादी वाचल्यावर ती क्रमाने लावून घेणे एवढाच त्यावरचा उपाय होता. या स्क्रिप्ट्स कोणी एकदाही फायलींचा क्रम पिसून चालवून पाहिल्या असत्या, तर पाच वर्षे दडलेला दोष पहिल्याच दिवशी समोर आला असता.

असाच गैरसमज पायथॉनमधील सेट, म्हणजे संच, या प्रकाराविषयी आढळतो. २०१२ मधील ३.३ या आवृत्तीपासून अक्षरमालांवरून काढला जाणारा हॅश, म्हणजे मजकुरावरून गणिताने मिळवलेली सांकेतिक संख्या, दर वेळी आज्ञावली सुरू होताना बदलतो. कारण हॅश आधीच ओळखता आला तर मुद्दाम निवडलेल्या माहितीच्या माऱ्याने सर्व्हर गुदमरवता येतो हे २०११ च्या अखेरीस बर्लिनमधील एका परिषदेत दाखवण्यात आले होते. परिणामी संचात ठेवलेली स्क्रिप्ट्सची नावे दर खेपेला निराळ्या क्रमाने बाहेर येतात आणि काहींना वाटते की पिसण्याचे काम फुकटात झाले. परंतु सर्व क्रम सारख्याच संभाव्यतेने यावेत अशी हमी संच देत नाही, आणि ती हमी हाच यादृच्छिक क्रमाचा प्राण आहे.

ती हमी देणारी रीत फिशर आणि त्यांचे सहकारी फ्रँक येट्स यांनी १९३८ मध्ये आपल्या संख्याशास्त्रीय कोष्टकांच्या पुस्तकात कागद-पेन्सिलीने करण्याजोग्या स्वरूपात दिली होती, आणि १९६४ मध्ये रिचर्ड डर्स्टनफेल्ड यांनी तिला संगणकाला साजेसे रूप दिले. यादीच्या शेवटच्या जागेपासून सुरुवात करून त्या जागेसह तिच्या आधीच्या सर्व जागांमधून एक जागा यादृच्छिक रीतीने निवडायची, त्या दोन जागांवरील वस्तूंची अदलाबदल करायची, आणि एक पाऊल मागे येऊन हेच पुन्हा करायचे. दहा स्क्रिप्ट्स असतील तर नऊ अदलाबदलींमध्ये काम पुरे होते आणि संभाव्य ३६,२८,८०० क्रमांपैकी प्रत्येक क्रम येण्याची शक्यता अगदी सारखी राहते. पायथॉनच्या रँडम विभागातील शफल हे कार्य नेमके हेच करते. निवड करताना एका बाजूला झुकाव येऊ नये याचीही काळजी त्यात घेतलेली आहे: सहांतून एक निवडायचा असेल तर तीन बिटांची, म्हणजे ० ते ७ पर्यंतची, संख्या काढली जाते आणि ६ किंवा ७ आल्यास ती टाकून देऊन पुन्हा काढली जाते, कारण ती भागाकाराने सहाच्या आत दडपली असती तर काही संख्या इतरांपेक्षा अधिक वेळा आल्या असत्या.

ही रीत इतकी सोपी असूनही ती टाळून स्वतःची युक्ती लढवण्याचा मोह फार जणांना होतो, आणि ती युक्ती जवळजवळ नेहमीच चुकते. प्रत्येक जागेची संपूर्ण यादीतील कोणत्याही जागेशी अदलाबदल करावी ही त्यांतली सर्वांत निष्पाप दिसणारी युक्ती आहे. तीन वस्तूंवर ती करून पाहिली तर एकूण २७ वाटा निर्माण होतात आणि क्रम मात्र सहाच असतात. २७ ला ६ ने पूर्ण भाग जात नसल्यामुळे तीन क्रम प्रत्येकी पाच वाटांनी आणि उरलेले तीन प्रत्येकी चार वाटांनी मिळतात, म्हणजे समानता पहिल्याच पायरीवर ढळते. क्रमवारी लावणाऱ्या कार्याला दर तुलनेत यादृच्छिक उत्तर देऊन फसवणे ही दुसरी युक्ती २०१० मध्ये युरोपभर गाजली. युरोपीय आयोगाशी झालेल्या समझोत्यानुसार मायक्रोसॉफ्टला विंडोज वापरणाऱ्यांसमोर प्रमुख ब्राउझरांची निवड-यादी यादृच्छिक क्रमाने मांडायची होती, आणि त्यासाठी याच युक्तीचा अवलंब करण्यात आल्यामुळे पाच ब्राउझरांच्या यादीत काही नावे ठरावीक जागी फार अधिक वेळा येऊ लागली. मायक्रोसॉफ्टचा स्वतःचा ब्राउझर तर जवळजवळ निम्म्या वेळा शेवटच्या जागी दिसत होता. दोष उघड झाल्यावर तो त्वरित सुधारण्यात आला.

पिसण्याच्या आणखी एका चुकीचा उल्लेख येथे केला पाहिजे, कारण ती स्क्रिप्ट्स चालवणाऱ्यांत विशेष आढळते: यादी न पिसता दर फेरीला यादीतून एक स्क्रिप्ट यादृच्छिक रीतीने उचलणे. अशा निवडीत उचललेली स्क्रिप्ट यादीतच राहत असल्यामुळे एकच स्क्रिप्ट तीनदा चालते आणि दुसरी एकदाही चालत नाही, आणि दहाही स्क्रिप्ट्स निदान एकदा चालून होण्यासाठी सरासरी सुमारे २९ फेऱ्या लागतात. शफल हे कार्य मूळ यादीच बदलते आणि उत्तरादाखल काहीच परत देत नाही, हेही नवशिक्याने ध्यानात ठेवावे. मूळ यादी जशीच्या तशी राखायची असेल तर सँपल या कार्याला यादीच्या लांबीएवढाच नमुना मागावा.

संगणकाची यादृच्छिकता मुळात गणिती असते. पायथॉनचे रँडम ज्या जनित्रावर चालते ते मर्सेन ट्विस्टर माकोतो मात्सुमोतो आणि ताकुजी निशिमुरा या जपानी गणितज्ञांनी १९९७ मध्ये घडवले, आणि त्यातून निघणारी संख्यांची माळ पुन्हा पहिल्यापासून सुरू होण्याआधी २ च्या १९९३७ व्या घातातून एक वजा केल्यावर जी प्रचंड संख्या येते तेवढी पावले चालते. पायथॉनच्या अधिकृत माहितीपुस्तिकेप्रमाणे २०८० वस्तूंपर्यंतच्या यादीचे सर्व क्रम या आवाक्यात मावतात. माळेची सुरुवात कोठून करायची हे सीड, म्हणजे बीजसंख्या, ठरवते: बीज तेच दिले तर माळही तीच निघते. या गुणाचे वजन कामावर अवलंबून असते. पैशांच्या खेळात तो घातक ठरतो. १९९९ मध्ये एका ऑनलाइन पोकरच्या सॉफ्टवेअरची पिसण्याची रीत तपासणाऱ्या सुरक्षातज्ज्ञांना आढळले की बीज म्हणून मध्यरात्रीपासून उलटलेल्या सहस्रांश सेकंदांचा आकडा वापरला जात होता, त्यामुळे ५२ पत्त्यांचे क्रम ६८ अंकी संख्येइतके असूनही प्रत्यक्षात जास्तीत जास्त ८,६४,००,००० क्रमच निघू शकत होते, आणि घड्याळ जुळवून घेतल्यावर सर्व खेळाडूंच्या हातांतील पत्ते ओळखता येत होते. गुप्ततेची गरज असेल तेथे पायथॉनने २०१६ मधील ३.६ या आवृत्तीपासून सिक्रेट्स हा वेगळा विभाग दिलेला आहे.

स्क्रिप्ट्सच्या क्रमाच्या बाबतीत मात्र बीजामुळे येणारी पुनरावृत्ती हेच वरदान आहे. एखाद्या रात्री सातव्या क्रमांकावर आलेली स्क्रिप्ट कोसळली आणि त्या रात्रीचा क्रम कोणता होता हे माहीत नसेल, तर ते कोसळणे पुन्हा घडवून पाहता येत नाही आणि जे पुन्हा घडवता येत नाही ते दुरुस्तही करता येत नाही. म्हणून चालक स्क्रिप्टने सुरू होताच एक बीजसंख्या काढावी, ती नोंदवहीत लिहावी, आणि तिच्यावरून स्वतःपुरते वेगळे जनित्र तयार करावे. सर्वांसाठी सामाईक असलेले जनित्र वापरले आणि स्क्रिप्ट्स त्याच प्रक्रियेत आयात करून चालवल्या, तर एखादी स्क्रिप्ट स्वतःच्या कामासाठी बीज बदलून चालकाच्या यादृच्छिकतेलाच वेसण घालू शकते. त्याहून महत्त्वाची पायरी पिसण्याच्या आधीची आहे. फायलींची यादी यंत्रागणिक वेगळ्या क्रमाने येत असल्यामुळे बीज तेच ठेवूनही दुसऱ्या यंत्रावर दुसराच क्रम निघतो, म्हणून यादी प्रथम नावाच्या क्रमाने लावून घ्यावी आणि मगच पिसावी. विस्कटण्यासाठीच घेतलेली यादी आधी नीट लावण्याचा हा खटाटोप विचित्र वाटला, तरी तो वगळल्यास नोंदवलेल्या बीजाला काही अर्थ उरत नाही. पायथॉनच्या निरनिराळ्या आवृत्त्यांमध्ये शफलचे अंतर्गत तपशील बदलू शकतात हे जमेस धरून, बीजाबरोबर प्रत्यक्ष निघालेला क्रमही लिहून ठेवणे शहाणपणाचे आहे.

प्रत्येक स्क्रिप्ट स्वतंत्र प्रक्रियेत चालवावी, आणि त्यासाठी सबप्रोसेस विभागातील रन हे कार्य पुरेसे आहे. स्वतंत्र प्रक्रियेमुळे एका स्क्रिप्टने बदललेले चालू फोल्डर, चल किंवा स्मृतीतील मूल्ये दुसरीपर्यंत पोहोचत नाहीत, आणि एक कोसळली तरी चालक उभा राहतो. केवळ पायथॉन असे नाव न देता चालक स्वतः ज्या पायथॉनवर चालतो आहे त्याचाच पूर्ण पत्ता द्यावा, म्हणजे भलतीच आवृत्ती उचलली जाणार नाही. प्रत्येक स्क्रिप्टला कालमर्यादा घालावी. आणि चालक त्याच फोल्डरमध्ये असल्यास यादीतून त्याचे नाव वगळावे, अन्यथा तो स्वतःलाच पुन्हा पुन्हा चालवत सुटतो. प्रक्रिया संपताना ती एक संकेतांक मागे ठेवते, ज्यात शून्य म्हणजे यश आणि इतर काहीही म्हणजे अपयश. तो तपासण्याची मागणी स्पष्टपणे केली नाही तर रन हे कार्य अपयशावरून शांतपणे पुढे जाते. पहिल्या अपयशालाच सगळी रांग थांबवणे यादृच्छिक क्रमात योग्य नाही, कारण मग कोणत्या स्क्रिप्ट्स चालायच्या राहिल्या हे निव्वळ नशिबावर ठरते. अपयश नोंदवून पुढे जावे आणि शेवटी चालकाने स्वतः अपयशाचा संकेतांक द्यावा.

किती वेळा पिसले म्हणजे पुरे, या प्रश्नाचे उत्तर गणित आश्वासक देते. लाखो क्रम तपासावे लागतील ही भीती निराधार आहे, कारण बहुतेक लपलेली अवलंबित्वे दोनच स्क्रिप्ट्समधील असतात: अमुक आधी, तमुक नंतर. कोणत्याही यादृच्छिक क्रमात ही जोडी उलटी येण्याची संभाव्यता अर्धी असते, त्यामुळे दहा खेपांमध्ये ती एकदाही उलटी न येण्याची शक्यता १०२४ मध्ये एक एवढीच उरते, मग स्क्रिप्ट्स दहा असोत वा शंभर. एवढेच काय, एकदा सरळ आणि एकदा नेमक्या उलट क्रमाने चालवले तर प्रत्येक जोडी दोन्ही बाजूंनी तपासली जाते. दोष दिसण्यासाठी तीन स्क्रिप्ट्स एका ठरावीक क्रमाने याव्या लागत असतील तर दर खेपेची संभाव्यता एक षष्ठांश होते, दहा खेपांनंतरही तो निसटण्याची शक्यता सुमारे १६ टक्के राहते आणि पंचवीस खेपांनंतर ती एका टक्क्यावर येते. एक स्क्रिप्ट दुसरीच्या लगेच पाठोपाठ आल्यावरच घडणारा दोष दहा स्क्रिप्ट्सच्या यादीत दर खेपेला दहांत एकदाच दिसण्याजोगा असतो. अशा दुर्मीळ दोषांसाठी एका बैठकीत शंभर वेळा पिसण्यापेक्षा रोज एकदा पिसणे अधिक फलदायी ठरते, कारण रोजच्या खेपांमध्ये माहिती आणि परिस्थितीही बदलत असते.

यादृच्छिक क्रमाचा अर्थ खरी अवलंबित्वे नाकारणे असा मात्र नव्हे. दर उतरवल्याशिवाय अहवाल होऊ शकत नाही ही वस्तुस्थिती आहे, आणि ती पिसण्याच्या आड येत असेल तर ती लिहून काढणे हाच मार्ग आहे. कोणते काम कोणत्या कामानंतरच व्हावे याचे बाण काढले की एक आलेख तयार होतो, आणि त्यात कुठेही चक्र नसेल तर सर्व बाण पाळणारा निदान एक क्रम निश्चित सापडतो. अशा मांडणीला संस्थितिक क्रमवारी म्हणतात आणि ती शोधण्याची एक सुबोध रीत आर्थर काह्न यांनी १९६२ मध्ये दिली. पायथॉनच्या २०२० मधील ३.९ या आवृत्तीत आलेला ग्राफलिब विभाग या क्षणी चालवण्यास मोकळी असलेली कामे विचारताच सांगतो, आणि तेवढ्याच कामांमधून यादृच्छिक निवड करत गेले तर लिहिलेले अवलंबित्व पाळले जाऊन न लिहिलेले उघडे पडते. अशा निवडीत सर्व वैध क्रम समसमान संभाव्यतेने येतीलच असे नाही, परंतु दोष शोधण्यासाठी तेवढी समानता लागत नाही.

ही दृष्टी आता साधनांमध्येच उतरू लागली आहे. स्टुअर्ट फेल्डमन यांनी १९७६ मध्ये बेल प्रयोगशाळेत तयार केलेल्या मेक या साधनाच्या ग्नू आवृत्तीत, ४.४ या क्रमांकाच्या २०२२ मधील प्रकाशनापासून, अवलंबित्वे पाळून उरलेला क्रम पिसण्याची सोय आहे, आणि तीत नेमका उलट क्रम मागण्याचा तसेच आधीचे बीज देऊन तोच क्रम पुन्हा घडवण्याचा पर्यायही ठेवलेला आहे. गो भाषेच्या चाचणी-साधनात २०२१ मधील १.१७ आवृत्तीपासून, आणि पायथॉनच्या पायटेस्टमध्ये पुरवणी जोडून, हेच करता येते. दोन्ही ठिकाणी वापरलेले बीज पडद्यावर छापले जाते. अनेक स्क्रिप्ट्स एकाच वेळी समांतर चालवल्याने हे सर्व आपोआप साधते असे काहींना वाटते, पण समांतर चालवताना निघणारा क्रम यंत्रावरील भाराप्रमाणे घडतो, तो समसंभाव्य नसतो आणि बीज देऊन परतही आणता येत नाही, म्हणून समांतर चालवणे ही यादृच्छिक क्रमाने दोष शोधून झाल्यानंतरची पायरी समजावी.

ज्या वाचकाकडे रोज ठरल्या क्रमाने चालणाऱ्या स्क्रिप्ट्सचा असा फोल्डर असेल, त्याने खऱ्या माहितीला हात न लावता तिच्या एका प्रतीवर तो आधी उलट क्रमाने एकदा आणि मग बीज नोंदवून दहा वेळा पिसून चालवावा, प्रत्येक खेपेचे निकाल ठरलेल्या क्रमाच्या निकालांशी ओळीने ताडून पाहावेत, आणि जेथे फरक दिसेल तेथे क्रम पूर्ववत करून न थांबता ते अवलंबित्व स्क्रिप्टमध्ये स्पष्ट शब्दांत लिहावे किंवा मुळातून काढून टाकावे.